सरदाराचं वेड, नानांच्या गोळ्या

त्या दिवशी सरदार अकरा वेळा वेडा झाला. माझ्या हातातल्या तक्त्यावर अकरा रेघा होत्या, म्हणून एवढं नक्की सांगता येतंय. अकराव्या वेळेला तो खाली पडला तेव्हा कुणी टाळ्या पण वाजवल्या नाहीत. सगळ्यांना फक्त सावली पाहिजे होती.

सरदार म्हणजे इतिहासात खराखुरा होऊन गेलेला माणूस. नाव लिहीत नाही, त्याच्या घराण्यातले लोक आहेत अजून. पिक्चर त्याच्यावर होता आणि शूटिंग मंद्रूपच्या पुढं माळावर, ऐन मे महिन्यात. मी तिथं कशी, तर मी सोलापुरात कोर्टाच्या मागं एका टायपिंगच्या दुकानात काम करते. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, लग्नाचे बायोडेटा. पिक्चरवाल्यांना रोजचा मराठी तक्ता पाहिजे असायचा, कोण किती वाजता येणार, काय सामान लागणार. ते आमच्या दुकानात आले, माझा टायपिंगचा स्पीड बघितला आणि म्हणले, मॅडम, पंधरा दिवस आमच्याबरोबर चला. मालकांना विचारायच्या आधीच मी हो म्हणले. बी.ए.ला इतिहास होता माझा, आणि पिक्चर तर मी कुठलाही बघते.

मग एक दिवस त्यांच्यातला एकजण म्हणाला, मेंढरांचा कळप कुठं मिळेल. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हात वर केला. माझ्या नानांची आहेत की मेंढरं.

त्या वर केलेल्या हाताचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय.

नाना म्हणजे माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ. पन्नास-साठ मेंढरं, काकी आणि एक कुत्रं, एवढा संसार. उन्हाळ्यात ते लोकांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवतात. म्हणजे संध्याकाळी वाघर लावायची, वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, मेंढरं रात्रभर आत बसतात, लेंड्या पडतात, रानाला खत होतं. सकाळी मेंढरं उठवायची, चरायला न्यायची, संध्याकाळी वाघर रानाच्या दुसऱ्या तुकड्यात. हे असं वर्षानुवर्षं चाललेलं. आणि तीन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याचा माझ्या वडिलांना फोन आला.

"तुमच्या भावाला काय झालंय बगून जावा," तो म्हणाला. "मेंढरं बसवली ती बसवलीच. आज तिसरा दिवस हाय, उटवंना झालाय."

आम्ही गेलो तर मेंढरं उपाशी ओरडत होती, काकी कुठून कुठून पाला तोडून आणून टाकत होती, आणि नाना वाघरीच्या खुंटाला टेकून बसले होते. समोर बघत. विचारलं की म्हणायचे, "उटतो की." आणि बसूनच राहायचे. ताप नाही, काही नाही. माझ्या वडिलांनी त्यांना दोन्ही काखेत हात घालून गाडीत बसवलं तेव्हा नानांनी अंग असं सोडून दिलेलं की जसं पोतं.

सोलापुरात डॉक्टरांनी सांगितलं हा मनाचा आजार आहे, डिप्रेशन, गोळ्या घ्यायच्या, बरा होतो. दवाखान्याच्या जिन्यातच माझे वडील सगळ्यांना म्हणले, "गावात मणक्याचं सांगायचं." झालं. तेव्हापासून आमच्या घरात तिला मणक्याची गोळीच म्हणतात. काकी तर नानांच्या समोर पण म्हणते, मणक्याची घेतली का. दोन-अडीच महिने गेले आणि एके सकाळी नानांनी आपले आपण उठून मेंढरं उठवली. पुढं रोज एक गोळी, सकाळच्या चहानंतर, विचारल्याशिवाय बंद करायची नाही. त्या गोळीवर नाना उभे, नानांवर मेंढरं, मेंढरांवर घर. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणी बोलायचं नाही.

आता शूटिंग.

सीन असा होता की लढाईत पोरगा गेल्याची बातमी येते आणि सरदाराला वेड लागतं. तो गढीतून अनवाणी पळत माळावर येतो, तिथं धनगराची मेंढरं उभी असतात, त्याला वाटतं हे माझं सैन्य. मग तो त्यांना हुकूम सोडतो, हसतो, रडतो, मातीत लोळतो. मेंढरांनी काय करायचं, तर उभं राहून त्याच्याकडं बघायचं. एवढंच. हे मी स्वतः टाइप केलं होतं, "मेंढ्या स्तब्ध", आणि टाइप करताना धनगराच्या घरातली असून माझ्या डोक्यात काही आलं नाही.

पहिल्या वेळेला हिरो ओरडत आला आणि मेंढरं जी उधळली ती थेट जेवणाच्या मांडवात. नानांनी जिभेनं ट्रर्र ट्रर्र करत गोळा करून आणली.

डिरेक्टर म्हणाले, "काका, ती पळतात का?"

"वरडल्यावर पळनारच की सायेब. मेंढरं हायती ती, तुमची मानसं न्हवं."

सगळे हसले. डिरेक्टर पण हसले. मग म्हणले, "पण न ओरडता कसं चालेल? त्याला वेड लागलंय."

"त्ये बी खरं हाय," नाना म्हणले.

दुसरा टेक, तिसरा, चौथा. मेंढरांच्या पायांना दावी बांधून बघितली, एक कोकरू तोंडावर पडलं, नाना पहिल्यांदा चिडले, दावी काढली. आठव्या टेकपर्यंत मेंढरांना हिरो नुसता लांबून दिसला तरी ती कान टवकारायची. आणि हिरोचा अंगरखा प्रत्येक वेळेला फाटलेलाच पाहिजे, पण लोळल्यावर तो जास्त फाटायचा, म्हणून नवीन. कपडेवाले मामा सोलापुरातले, घरात तेलुगू बोलणारे, त्यांनी एकसारखे डझनभर अंगरखे शिवले होते आणि आता खुर्चीत बसून मापाची टेप घेऊन फाडत होते. छातीवर एवढं, बाहीवर एवढं. मला म्हणले, "शिवायला शिकिवलं आमच्या बापानं. फाडायला पन मापं घ्यावं लागतंय, हे नव्हतं सांगिटला." त्यांना विचारलं, फाडायचाच कशाला? तर म्हणले, "येडं हाय म्हनून कळायला नको? चांगला अंगरखा घालून बसला तर लोकं म्हनतील ह्याला काय झालंय."

दुपारी सुट्टी झाली. हिरो, बिचारा चांगला माणूस होता, उगाच वाईट का सांगू, छत्रीखाली खुर्चीत येऊन बसला. घशाचं वाटोळं झालेलं. चहा दिला तो हातात तसाच, पित नाही, कुणाशी बोलत नाही, माळाकडं बघतोय. आणि काय झालं, एक एक करत दहा-बारा मेंढरं त्याच्या आसपास येऊन उभी राहिली. सावली होती म्हणून असेल. एकदम शांत, त्याच्याकडं तोंड करून. कॅमेरावाले जेवायला गेलेले.

माझ्या शेजारी सर बसले होते. सर म्हणजे मोडी वाचणारे म्हातारे मास्तर, इतिहासाचा सल्ला द्यायला पिक्चरवाले त्यांना सोलापुरातून रोज गाडीनं आणायचे आणि विचारायचे काही नाही. सर हळूच म्हणले, "बघ, हे खऱ्या सरदाराच्या जवळ जाणारं आहे." मी म्हणले, "काय सर?" ते म्हणले, "काही नाही, जेव." मी पण जास्त विचारलं नाही. मला हिरोबरोबर फोटो काढायचा होता.

संध्याकाळी अकरा रेघा झाल्या, डिरेक्टर म्हणले बास, मेंढ्या कॉम्प्युटरवर बघू. नाना आणि मी मेंढरांच्या मागं चालत निघालो. पाय भाजलेले, तोंडात माती. नाना म्हणले, "त्या सरदाराला येड लागलं म्हणं?"

"व्हय."

"आन येड लागल्यावर असंच असतंय?"

मी चालता चालता फोटो टाकत होते स्टेटसला. मान वर केली नाही. "असंच असतंय की नाना. पिक्चरवाले अभ्यास करून करतात सगळं."

"आसं हाय व्हय," नाना म्हणले. त्यांच्या आवाजात काहीतरी हलकं झाल्यासारखं होतं. मला वाटलं, दिवसभराची कटकट संपली म्हणून असेल.

तीन आठवडे गेले. पिक्चरवाले निघून गेले, मी परत भाडेकरार टाइप करायला लागले. आणि काकीचा फोन आला, दुपारी, मी डबा खात होते.

"मेंढरं अजून वाघरीतच हायती," ती म्हणाली. "काल बी तशीच. ये बाई तू, मला काय सुदरंना."

मी डबा तसाच झाकला. मालकांना सांगितलं आणि मिळेल त्या गाडीनं गेले.

नाना खुंटाला टेकून बसले होते. तोच खुंट नसेल, पण बसणं तेच. काकीनं गोळ्यांची पिशवी दाखवली. पाकीट भरलेलं. काकी रडकुंडीला आलेली, "मी रोज इचारत हुते, म्हनायचे घेतली घेतली. खोटं बोलला बघ म्हातारा."

मी नानांच्या समोर बसले. "नाना, गोळ्या का बंद केल्या?"

लई वेळानं म्हणले, "माझं त्ये न्हवतंच."

"काय नव्हतं?"

"येड." एक एक शब्द लांबून ओढून आणल्यासारखा येत होता. "मी बगितलं की शूटिंगला. मी कदी कापडं फाडली? मी कदी एकला हासलो? मेंढराला शिपाई म्हनलो? त्या डाक्टरनं मला येड्याच्या गोळ्या दिल्या. मी येडा न्हाय. तूच म्हनलीस, अभ्यास करून करत्यात."

मी म्हणले होते.

म्हणजे तीन वर्षं हा माणूस आतल्या आत याच हिशोबात होता. आम्ही मणका म्हणून झाकलं, पण त्यांना माहीत होतं ना गोळी कशाची आहे. रोज चहानंतर ते स्वतःला वेडा म्हणून ती गिळत होते. आणि मी त्यांना माळावर नेऊन, दिवसभर उन्हात उभं करून, एक वेडा दाखवला जो त्यांच्यासारखा बिलकुल नव्हता. कुणाला पण सुटल्यासारखं वाटलं असतं. मला वाटलं असतं.

मी सांगितलं त्यांना, वेड वगैरे काही नाही हो, तो वेगळा, हा आजार वेगळा, पिक्चरमध्ये वाढवून दाखवतात. बोलत सुटले, माझी सवय. नाना समोर बघत होते. माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. शेवटी मी आणि काकीनं मेंढरं उठवली, अर्धी शेजारच्या उसात शिरली, ऊसवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी बांधावर बसून मी सरांना फोन केला. का केला ते मलाही नीट माहीत नाही. वाटलं, कुणावर तरी चिडावं.

"सर, तो सरदार खरंच असा झाला होता का? मेंढरं, लोळणं, हसणं?"

सर म्हणले, "नाही गं. कागदात असलं काही नाही. मी पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं. तीनदा सांगितलं."

"मग कागदात काय आहे?"

"काहीच नाही, हेच आहे. मुलगा गेल्यावर वर्षभर त्याच्या हातचं पत्र नाही. जी जातात ती कारभाऱ्याच्या अक्षरात. माणूस सदरेवर येत नाही. जेवण आत पाठवतात, तसंच परत येतं. वसुलीची माणसं येऊन भेट न होता परत जातात. आणि घरचे बाहेर कळवतात की पाय दुखावलाय, म्हणून बसता येत नाही. दर पत्रात पाय. एवढे दिवस कुणाचा पाय दुखतो का? मी डिरेक्टरला म्हणालो, हे दाखवा. तर तो म्हणाला, सर, बसलेला माणूस पाच मिनिटं दाखवला तर लोक मोबाईल काढतील."

"मग पुढं?"

"पुढं एके दिवशी त्याच्या अक्षरातलं पत्र सापडतं. बैलांच्या चाऱ्याबद्दल. असंच, साधं."

"कशानं बरा झाला?"

"ते कागदात नाही. आणि पुढं परत एकदा अक्षर गायब होतं." सर दमल्यासारखे वाटले. "तुझ्या आवाजाला काय झालंय? कुणी आजारी आहे का?"

मी मणका म्हणणार होते. तोंडात आलेलं. पण म्हणले, "माझे नाना." आणि सगळं सांगितलं. सर काही शहाणपण बोलले नाहीत. फक्त म्हणले, "मी त्या दिवशी तुला सांगायला पाहिजे होतं. जेव म्हणालो."

मी जाऊन नानांना सांगितलं. सांगायच्या आधी जरा थांबले आणि एकदम हळू सांगितलं, एक एक गोष्ट. पत्र नाही. जेवण परत. सदरेवर नाही. पाय दुखतो म्हणून सांगितलं. पायाचं ऐकून काकीनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

नाना पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले. "बसूनच हुता?"

"बसूनच होता."

"एवडा मोटा सरदार?"

"व्हय."

"आन त्याची मेंढरं कोन राकत हुतं?"

"मेंढरं नव्हती नाना त्याला. जहागीर होती. कारभारी बघायचा."

"गोळ्या?"

"तेव्हा कुठल्या गोळ्या."

नाना परत खुंटाला टेकले. मला वाटलं आता हे उठतील, म्हणतील आण गोळी. तसं काही झालं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही. मी दुकानात फोन करून अजून सुट्टी मागितली, मालक म्हणले नोकरी आहे का धर्मशाळा. काकी आणि मी मेंढरांच्या मागं फिरून फिरून काळ्या पडलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर नाना म्हणले, "सोलापूरची गाडी कितीला हाय?"

दवाखान्यात नेहमीसारखी गर्दी. बाकावर जागा नाही, नाना भिंतीला टेकून खाली बसले, मी त्यांच्या शेजारी. दोन तास. पंखा फिरत होता पण आमच्याकडं वारा नव्हता. नवीन डॉक्टर होत्या, माझ्याच वयाच्या वाटल्या, डोळ्याखाली काळं. त्यांनी विचारलं, "काका, गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"शूटिंगपास्नं," नाना म्हणले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, थोडक्यात सांगायचा प्रयत्न केला, जमला नाही. त्या पेन खाली ठेवून ऐकत होत्या. मग म्हणल्या, "असे येतात आमच्याकडं. नातेवाईक म्हणतात, मॅडम, हा तर शांत बसतो, काही तोडत-फोडत नाही, मग याला इथं कशाला. सगळ्यांनी पिक्चर बघितलेले असतात."

"बसलेला दावला पायजे हुता की," नाना म्हणले.

"बसलेल्या माणसाला तिकीट काढून कोण बघणार, काका?"

नानांनी जरा विचार केला. "आमी बगू की," म्हणले. "आमच्यासारकी बगतील."

त्या हसल्या नाहीत. लिहिलं, परत सुरू करायची, पहिले काही दिवस मळमळ होईल, फरक पडायला तीन-चार आठवडे तरी लागतील, घाई नको, आणि मधेच बंद नको. मला म्हणल्या, तुम्ही थांबा त्यांच्याजवळ थोडे दिवस. मी हो म्हणले. दुकानाचं काय होईल ते होईल.

तेव्हापासून मी खूप पिक्चर परत बघितले, मोबाईलवर, मेंढरांच्या मागं बसून. राणीला दुःख झालं की केस सुटतात, राजाला झालं की आरसा फुटतो, पुढारी असेल तर पावसात एकटा बोलतो. आणि विजा. यातली माणसं खरी होऊन गेलेली आहेत, त्यांचे पुतळे आहेत चौकात. त्यातलं कोण किती दिवस नुसतं भिंतीकडं बघत बसलं असेल, ते आपल्याला कधी कळणार नाही, कारण तेवढं कापतात. पूर्वी मला असले सीन लई आवडायचे, शिट्टी मारायचे मी. आता पुढं ढकलते.

गोळी सुरू होऊन आज नववा दिवस आहे. चहानंतर नाना माझ्यासमोर गिळतात, तोंड उघडून दाखवतात, मी नको म्हणले तरी. मळमळतंय म्हणतात, भाकरी अर्धीच खातात. मेंढरं अजून मी आणि काकीच उठवतो. आज सकाळी ती वाघरीच्या तोंडातून बाहेरच पडेनात, पुढची अडून बसली, मागची ढकलायला लागली, माझं ट्रर्र ट्रर्र त्यांना पटत नाही. मी घामाघूम. काकी लांब पाण्याला गेलेली.

मागून नानांचा आवाज आला, बसल्या जागेवरनं, खोल गेलेला.

"म्होरं नगो उबी ऱ्हाऊ. त्यास्नी वाट दिसंना. मागं ये. डावीकडं."

मी मागं गेले, डावीकडं. मेंढरं निघाली.

"कुत्र्याला बरुबर घे," ते म्हणले, आणि परत समोर बघायला लागले.